दोन रकाने

आमच्या देवळालीने इंग्रजी भाषेला एक शब्द दिला आहे, आणि तोही वेडाचा! इंग्रजांच्या राज्यात मुदत भरलेल्या गोऱ्या शिपायांना विलायतेस परत धाडण्यापूर्वी इथल्या छावणीत आणून ठेवीत. बोटी सुटायच्या त्या थंडीच्या महिन्यांत. ज्याची मुदत उन्हाळ्यात संपली, त्याला पुढच्या बोटीची वाट पाहत महिनेच्या महिने इथेच काढावे लागत. ना लढाई, ना धड काम. नुसते ऊन, धूळ आणि वाट पाहणे. त्यात काहींची डोकी फिरत. अशा माणसाला 'डूलाली टॅप' झाला, असे त्याचे सोबती म्हणत. 'डूलाली' म्हणजे आपली देवळाली, आणि 'टॅप' म्हणजे आपला साधा ताप. 'डूलाली' हा शब्द अजून इंग्रजी कोशात आहे.

शिपायांना हा ताप काम नसल्यामुळे चढे. मला तो एकसष्टाव्या वर्षी काम अंगावर घेतल्यामुळे चढला. काम म्हणाल तर एवढेसेच: एका मराठी नाटकावर दीड हजार शब्दांचा समीक्षात्मक निबंध.

थोडे मागचे सांगायला हवे. माझे लग्न झाले तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. पुस्तके ट्रंकेत गेली आणि ट्रंक माळ्यावर गेली. पुढे मुलगा, मुलगी, सासूबाईंचे आजारपण, ह्यांची लष्करी कचेरीतली कारकुनी. ती ट्रंक खाली उतरली ती हे निवृत्त झाल्यावरच. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. गंगा दारापर्यंत आलीच आहे तर आपण निदान घागर तरी बुडवावी, म्हणून मी बी. ए.ला नाव घातले.

नाटक मीच निवडले: कुसुमाग्रजांचे 'नटसम्राट'. नाशिकच्या माणसाने दुसरे काय निवडावे! त्याचा पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७० रोजी गोवा हिंदू असोसिएशनने केला, बेलवलकरांची भूमिका डॉ. श्रीराम लागूंनी केली आणि १९७४ साली त्याला साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले, हे सगळे मला कोणाला न विचारता ठाऊक होते. पण ठाऊक असणे निराळे आणि लिहिता येणे निराळे. लाडू खाणाऱ्याला पाक जमतोच असे नाही.

घरात निबंधाची वार्ता फुटताच सल्ल्यांना तोटा राहिला नाही. हे म्हणाले, "त्यात काय एवढं? म्हातारपणी मुलं विचारत नाहीत, हेच लिहायचं. दीड हजार शब्द कमीच पडतील." थोरल्या जाऊबाई भगूरला असतात, त्या फोनवर म्हणाल्या, "अगं, या वयात कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" लेक नाशिकरोडला दिली आहे, तिची लेक शनिवारी आली. तिने मोबाईलला विचारले आणि अर्ध्या मिनिटात अख्खा निबंध माझ्यापुढे धरला. मी तो चष्मा लावून वाचला. शुद्धलेखनाला कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. हे नाटक मानवी नात्यांवर भेदक प्रकाश टाकते, असे त्यात तीनदा म्हटले होते. मी म्हटले, "बाळ, छान आहे, पण हा प्रकाश नाटकात कुठून पडतो, ते ह्यानं सांगितलेलं नाही." ती म्हणाली, "मग आजी, ते तुलाच शोधायला लागेल." पोर हुशार आहे.

मी आराखडा करायला बसले. मार्गदर्शकांतून येणारे ठरावीक मुद्दे पाठच होते: कथानक, पात्रे, संवाद, भाषाशैली, शीर्षकाची समर्पकता. एकेका मुद्द्याला वहीचे एकेक पान दिले. मांडणीवर पाच डबे ओळीने ठेवावेत, त्यांवर चिठ्ठ्या चिकटवाव्यात आणि आत मात्र दाणा नसावा, तशी ती पाने दिसू लागली. कुठल्या डब्यात काय घालायचे ते मला माहीत होते, कारण सगळेजण तेच घालतात. अशा निबंधाला कोणी नापास करीत नाही. पण लिहिणाऱ्याला त्या नाटकाविषयी कालच्यापेक्षा आज काही अधिक कळले, असेही होत नाही.

अभ्यासकेंद्रावरच्या बाईंना मी वही दाखवली. वयाने त्या माझ्या लेकीएवढ्या. मला 'काकू' म्हणतात. त्यांनी पाचही पाने चाळली आणि विचारले, "काकू, नाटक वाचताना तुम्ही थांबलात कुठे? म्हणजे पुस्तक मिटून बसलात, किंवा मागचं पान पुन्हा उलटलंत, असं कुठे झालं? आराखडा तिथून सुरू करा. मुद्दे तुमच्यामागून येतील."

मी थांबले होते ती कावेरीजवळ.

नाटक बहुतेकांच्या परिचयाचे आहे. तरी थोडक्यात सांगते. रंगभूमी गाजवून निवृत्त झालेले गणपतराव बेलवलकर आपले सर्वस्व मुलाला आणि मुलीला वाटून टाकतात. मग आधी मुलाकडे राहतात, नंतर मुलीकडे. दोन्हीकडे त्यांचा मान राहत नाही. मुलीच्या घरी तर चोरीचा आळ येतो. शेवटी ते रस्त्यावर येतात आणि बूटपॉलिश करणारा एक पोरगा त्यांना जवळ करतो. ह्या साऱ्या फरफटीत त्यांची बायको कावेरी त्यांच्याबरोबर आहे, आणि नाटक संपायच्या आत तिचा अंत होतो. प्रयोग पाहून परतणारा माणूस बेलवलकरांची स्वगते घोळवीत घरी येतो. कावेरीचे नाव त्याच्या तोंडी क्वचितच असते.

ह्या नाटकामागे शेक्सपिअरचा 'किंग लिअर' उभा आहे, हे सगळेच सांगतात. तेव्हा तोही एकदा पाहावा म्हणून मी सिटीलिंकच्या बसने नाशिकला गेले, शालिमारला उतरले आणि सार्वजनिक वाचनालय गाठले. हे वाचनालय १८४० सालचे. इतक्या पिढ्यांनी तिथून पिशव्या भरभरून पुस्तके नेली, त्यांत माझी एक पिशवी. विंदा करंदीकरांनी केलेले लिअरचे भाषांतर घेऊन मी घरी आले. ते वाचून संपवले आणि पुन्हा पहिल्या पानावरची पात्रांची यादी काढली. राजा आहे, तीन राजकन्या आहेत, जावई आहेत, विदूषक आहे. राणी नाही! ती आधीच वारलेली आहे. रंगमंचावर ती येतच नाही. लिअरचा प्रयोग १६०६ साली इंग्लंडच्या राजापुढे झाला. त्यानंतर तीनशे साठांहून अधिक वर्षांनी नाशिकचा एक नाटककार तसाच एक म्हातारा मराठी घरात आणतो, आणि मूळ नाटकात नसलेली एक बाई त्याच्या शेजारी आणून बसवतो. ती कशासाठी?

मला माझा प्रश्न मिळाला. पाचही डबे मी मांडणीवरून उतरवले.

वहीच्या नव्या पानावर मधोमध रेघ मारून मी दोन रकाने केले. डाव्याला नाव दिले 'मी म्हणते', उजव्याला 'नाटकात कुठे आहे'. नेम असा केला की, उजवीकडे पानाचा आकडा पडल्याशिवाय डावीकडचे वाक्य निबंधात जायचे नाही. डावा रकाना भराभर भरला; एका बायकोला दुसऱ्या बायकोविषयी बोलायला शब्द कमी का पडतात! 'कावेरीने नवऱ्यासाठी जन्म झिजवला.' 'मुले कृतघ्न निघाली.' 'कावेरी हेच बेलवलकरांचे घर.' अशी पंधरा-वीस वाक्ये झाली. उजवा रकाना मात्र भरता भरेना.

'मुले कृतघ्न निघाली' ह्याच्यापुढे पान शोधू लागले, तर लिअरच्या थोरल्या दोन मुलींसारखी ही मुले काळीकुट्ट दिसेनात. तिकडे म्हातारा बाप वादळात बाहेर असताना दारे लावून घेतात. इकडची माणसे आपापल्या संसाराला, नोकरीला, चार लोकांतल्या अब्रूला जपणारी. ती चुकतात, पण त्यांच्या चुका रोजच्या मापाच्या आहेत. मी 'कृतघ्न' हा शब्द खोडून 'सामान्य' लिहिला. बदल एकाच शब्दाचा. पण नाटक एकदम आमच्या गल्लीत आले. दुष्टांची गोष्ट पाहून आपण निर्धास्त घरी जातो. सामान्यांची पाहिली की घरी गेल्यावरही ती चालूच राहते.

'कावेरी हेच बेलवलकरांचे घर' हे वाक्य मला फार आवडले होते, आणि नेमकी त्याच्यापुढचीच जागा आठ दिवस रिकामी होती. एके सकाळी तोफखान्याचा सराव चालू होता. कँपातल्या माणसांना त्या आवाजाचे काही वाटत नाही. खिडक्यांची तावदाने थरथरतात, तेवढेच. मी कोणते स्वगत कोठे येते, त्याचा क्रम लावीत बसले होते. घर मागणारे ते स्वगत तुम्हांलाही ठाऊक असेल. ज्याने नाटक पाहिले नाही त्यालाही ते ठाऊक असते. ते येते कावेरी गेल्यानंतर. मी पुन्हा मागे गेले. मुलाचे घर सुटते, तेव्हा बेलवलकरांची ती हाक ऐकू येत नाही. मुलीचे घर सुटते, तेव्हाही नाही. कावेरी सोबत आहे तोवर डोक्यावरचे छप्पर गेले तरी हा माणूस दारोदार घर मागत नाही. ती गेल्यावर मागतो. उजव्या रकान्यात मी एकाऐवजी तीन पानांचे आकडे घातले. निबंधाला कणा मिळाला.

ह्याच सुमारास आमच्या घरातही एक अंक सुरू झाला. बंगळुरूहून चिरंजीवांचा मोबाईलवर निरोप आला: 'बाबा, घराचे कागद एकदा नीट लावून ठेवा. पुढे अडचण नको.' एवढाच. हे तो वाचून उठले ते थेट कपाटातली फाईल काढायला. म्हणाले, "आपण आता किती दिवसांचे? त्याच्या नावानं बक्षीसपत्र करून टाकू. देण्यात मोठेपणा असतो." ह्यांचा स्वभावच तसा, समोरच्याने मागण्याआधी हातातली वस्तू देऊन मोकळे होतील. जाऊबाईंनी तोच निरोप उलट वाचला. "बघ हो, आतापासूनच घरावर डोळा! तुझं ते नाटक आता घरातच चालू झालं म्हणायचं."

मी वहीत आणखी एक पान घेतले आणि मधोमध रेघ मारली. डावीकडे ह्यांचे म्हणणे लिहिले: मुलाला घर हवे आहे. त्याखाली जाऊबाईंचे: मुलाचा घरावर डोळा आहे. उजवीकडे निरोप जसाच्या तसा उतरवून काढला. दोघांच्याही म्हणण्याला त्यात आधार नव्हता. कागद नीट लावा, असे होते. कोणाच्या नावाने करा, असे कुठेच नव्हते. तेव्हा लेखकालाच विचारावे म्हणून फोन लावला. शेक्सपिअरच्या बाबतीत ही सोय नाही.

चिरंजीव म्हणाले, "अगं आई, माझ्या एका मित्राचे वडील गेले. त्यांच्या घराचे कागद सापडेनात. बिचारा वर्षभर खेटे घालतोय. म्हणून म्हटलं. आणि घर बाबांच्या एकट्याच्या नावावर आहे ना? तुझं नाव त्यात कुठंच नाही. ते आधी बघा."

फोन ठेवून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. लॅम रोडपासून जरा आत चार खोल्यांचे आमचे घर. त्याच्या पायाच्या दगडापासून मी तिथे उभी आहे. भिंतींना पाणी मारले आहे, गवंड्यांना चहा केला आहे. कागदावर माझे नाव नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. पण ते आजवर कोणी उच्चारले नव्हते.

निबंध लिहायला बसले ते दिवाळीच्या तोंडावर. एकीकडे चकलीची भाजणी, दुसरीकडे खर्डा. भाजणी करणारीला आराखड्याचे महत्त्व शिकवावे लागत नाही. तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, मुगाची डाळ, प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. सगळे एकदम कढईत घातले तर एक करपते आणि दुसरे कच्चे राहते. तसे लिअर, मुले आणि ते स्वगत हे तीन मुद्दे मी तीन कागदांवर आधी वेगवेगळे भाजून घेतले आणि मग एकत्र दळले.

पहिला खर्डा म्हणजे पहिला घाणा. मोहन पुरेसे आहे का, पीठ सैल झाले का, हे त्यावरून कळते. तो पाहुण्यांपुढे ठेवायचा नसतो. त्या खर्ड्यात पहिली तीन पाने नाटकाची गोष्टच होती. ती लिहीत असताना मला तिची गरज होती, कारण लिहिता लिहिताच क्रम मनात पक्का होत होता. वाचणाऱ्या बाईंना ती नको होती. दुसऱ्या खर्ड्यात गोष्ट सहा ओळींत आली, आणि चौथ्या पानावर दडून बसलेले 'लिअरला राणी नाही' हे वाक्य अगदी आरंभी आले. मग एकेका परिच्छेदाला मी विचारू लागले, "बाबा रे, माझ्या प्रश्नासाठी तू काय करतोस?" ज्याला उत्तर देता आले नाही तो गेला. कुसुमाग्रजांनी त्याआधी 'मॅकबेथ'वरून 'राजमुकुट' केले आणि 'ऑथेल्लो'ही मराठीत आणले, ह्यावरचा परिच्छेद माझा फार लाडका होता. माहिती खरी होती, भाषाही साधली होती. पण कावेरीशी त्याचे काही नाते नव्हते. तोही गेला.

शेवट मात्र सुचेना. 'अशा रीतीने हे नाटक अजरामर ठरते' असे लिहून हात झटकता आले असते. त्याच दिवसांत वाचनात आले की, लिअरच्या धाकट्या मुलीचे मरण इंग्रज प्रेक्षकांनाही सोसवेना. १६८१ साली नहूम टेट नावाच्या कवीने तिला जिवंत ठेवून नाटक नव्याने बेतले, आणि पुढे सुमारे दीडशे वर्षे तिकडच्या रंगभूमीवर तोच गोड शेवट चालला. डॉ. जॉन्सन तर केवढा पंडित! पण त्या मरणाचा त्याला असा धक्का बसला की, नाटकाचे संपादन करायची वेळ येईपर्यंत ते शेवटचे प्रवेश पुन्हा वाचण्याचा धीर आपल्याला झाला की नाही, ह्याची शंका त्याने १७६५ साली लिहून ठेवली. ते वाचून मला बरे वाटले. म्हणजे समीक्षकालाही भरून येते. फक्त त्याला डोळे पुसून पुन्हा त्याच पानावर जावे लागते. माझा शेवट मी तसाच केला: कावेरी जाते त्या पानावर परत गेले, आणि तिथे काय काय संपते ते लिहिले.

पक्की प्रत करण्यापूर्वी निबंध मोठ्याने वाचून पाहा, जीभ जिथे अडेल तिथे वाक्य अडले आहे असे समजा, असे बाईंनी सांगितले होते. श्रोते म्हणून घरात हेच होते. हे आरामखुर्चीत डोळे मिटून पडले होते. मला वाटले, झोपले. ते स्वगत कावेरीनंतरचे आहे, ह्या परिच्छेदाशी आले तेव्हा डोळे उघडून म्हणाले, "ते पुन्हा वाच." मी वाचले. "पानांचे आकडे बरोबर आहेत?" कारकुनी हाडात मुरलेली! मी पुस्तक त्यांच्या हाती दिले. त्यांनी तिन्ही जागा स्वतः ताडून पाहिल्या, "बरोबर आहे" म्हणाले आणि पुस्तक मांडीवर ठेवून खिडकीबाहेर पाहत राहिले. थोड्या वेळाने विचारले, "बक्षीसपत्राचं तुझं काय मत आहे?" इतक्या वर्षांत घराच्या कागदांविषयी माझे मत मला कोणी विचारले, ते पहिल्यांदा. मी ते सांगितले. त्यालाही आधार तयार होता. चिरंजीवांचे बोलणे मी उजव्या रकान्यात उतरवून ठेवले होते.

दोन दिवसांनी आम्ही वकिलांकडे गेलो. ते म्हणाले, "बक्षीसपत्र एकदा नोंदलं की सहसा फिरवता येत नाही. मृत्युपत्र हयात असेपर्यंत कितीदाही बदलता येतं. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली कायदा झाला. सांभाळायच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडली तर परत मागायची वाट त्यात आहे. पण काकू, तशी पाळी येऊच कशाला द्यायची?" मी मनात म्हटले, म्हणजे मृत्युपत्र हा खर्डा आणि बक्षीसपत्र ही पक्की प्रत! खर्डा हाताशी ठेवण्यातले सुख मला त्या महिन्यात कोणी समजावून सांगायला नको होते.

घर आता आम्हां दोघांच्या नावावर आहे. बक्षीसपत्र झाले ते एवढेच: ह्यांनी आपल्या घरातले अर्धे मला दिले. सही करताना पुन्हा म्हणाले, "देण्यात मोठेपणा असतो." ह्या वेळी मी वाद घातला नाही. आमच्यामागे कोणाला काय, ते मृत्युपत्रात आहे, आणि मुलगा व मुलगी दोघांनाही ते समोर बसवून वाचून दाखवले आहे. जाऊबाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी मलाही तुझ्या त्या विद्यापीठाचा फॉर्म आण."

निबंधाचे काय झाले, असे विचाराल. बरे गुण मिळाले. शेऱ्यात बाईंनी लिहिले होते, 'प्रश्न स्वतःचा आहे.' मी आता पुढच्या वर्षाला आहे आणि नव्या पुस्तकासाठी नवी वही घातली आहे. तुम्हीही हा अंक चाळताना एखाद्या कथेपाशी फराळाचा हात मध्येच थांबला, तर तेवढी जागा पेन्सिलीने खुणावून ठेवा. का थांबला, ते सावकाश शोधता येते.

जुनी वही मी टाकलेली नाही. तिच्या डाव्या रकान्यात तळाला एक ओळ अजून आहे: 'कावेरी एकटी असताना स्वतःशी काय बोलत असेल?' उजवीकडे आकडा नाही, म्हणून नेमाप्रमाणे ती निबंधात गेली नाही. पण मी ती खोडलेलीही नाही. समोरची जागा मोकळीच ठेवली आहे.